सोम्यनच्या पाटीवरची आत्या

सोम्यन बाजार, बुसान
२ ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप दादास,
धाकट्या बोनसुकचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण आनंदाचं आहे. माझ्या दुकानापुढे रांग लागते. तू उन्हाळ्यात आलास तेव्हा दिवसाला नऊ गिऱ्हाइकं यायची आणि त्यातली दोन समोरच्या प्योबाईंचं दुकान कुठे म्हणून विचारायला. थंडी पडायच्या आत कुलूप लावून गावी हादोंगला परतायचं मी ठरवलंच होतं.

आमच्या गल्लीत डुकराच्या रस्साभाताची अकरा दुकानं. एकाची पाटी 'मूळ', दुसऱ्याची 'खरे मूळ', प्योबाईंची 'मुळाचेही मूळ'. शिवाय प्रत्येक पाटीवर एक आजी. माझ्याकडे आजी नव्हती. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की रस्त्यावर टांगून घ्यायला मी काय वाळवणाचा मासा आहे का. मग तू मागे पाठवलेला पुन्न्योआत्याचा फोटो आठवला. तो मी रंगाऱ्याला दिला आणि वर लिहून घेतलं, 'पुन्न्योआजीच्या हातचा मूळ रस्साभात'. रंगारी फार अदबीचा निघाला. दोन्ही हातांनी फोटो घेतला, मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला की याला पांढरी जमीन आणि काळी किनारच शोभेल. बाकीच्या पाट्या लालपिवळ्या, म्हणून मीही हो म्हटलं.

तीन आठवडे झाले, बसायला जागा नसते. माणसंही किती सुसंस्कृत. आत येताना टोपी काढतात, हळू बोलतात. एकाने तर दाराशी पांढऱ्या शेवंतीची फुलं ठेवली. ती मी बाटलीत घालून गल्ल्यावर ठेवली आहेत.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. लोभ कर, निदान पत्र संपेपर्यंत तरी.

तुझी, बोनसुक

हादोंग
५ ऑक्टोबर १९९५

चि. बोनसुक हिस,
ज्येष्ठ बंधू ग्योहानचे अनेक आशीर्वाद. यावेळी थोडे जास्तच पाठवत आहे, लागतील.

तुझे पत्र पावले. एकदा सरळ वाचले, मग चष्मा पुसून वाचले. अर्थ तोच निघाला.

तीस वर्षे मुलांना प्राचीन अक्षरे शिकवतो आहे, पण सख्ख्या बहिणीला एक काळी किनार वाचता येऊ नये, हे माझ्या अध्यापनाचे फलित म्हणायचे. चार वर्षांपूर्वी गावातल्या वृद्धांच्या बैठकीत एक फोटोग्राफर आला होता. अंत्यविधीत काळ्या किनारीत धूपामागे ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढून घेतला की आयुष्य वाढते, ही आपली रीत. आत्यानेही काढून घेतला. एक प्रत तिच्या ट्रंकेत आहे, दुसरी हरवू नये म्हणून तुझ्याकडे पाठवली होती. ती तू भर बाजारात जपून ठेवली आहेस. पांढरी शेवंती वाहणारे तुझे गिऱ्हाईक सुसंस्कृत नाही, ते दुखवट्याला येते आहे.

मजकुराविषयीही एक नम्र शंका. 'पुन्न्योआजीच्या हातचा.' आत्याच्या हातचे सोयाबीनचे सार चाखून आतोबांनी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मासेमारीच्या जहाजावर नोकरी धरली, हे सर्वश्रुत आहे. ते वादळाला भीत नसत. घरी जेवायच्या वेळेला भीत.

आता मुख्य वार्ता. एकवीस तारखेला वृद्धांच्या बैठकीची सहल बुसानला येत आहे. आधी कापडबाजारात फुलाफुलांच्या विजारी, नंतर सोम्यनमध्ये रस्साभात. आत्याने सर्वांना सांगितले आहे की भाचीचे दुकान असताना दुसरीकडे जेवायचे नाही. मी रक्तदाबाचे भय घातले. तिने माझाच रक्तदाब मोजायला लावला. तो जास्त निघाला.

पाटी झाकण्याचा विचार मनात आला असेल, तर पांढरे कापड वापरू नकोस. एवढेच शास्त्र मला ठाऊक आहे. सहामाही परीक्षा असल्यामुळे मला येता येणार नाही आणि या परीक्षेचा मी आजन्म ऋणी राहीन.

तुझा चिंतातुर, पण थोडासा हसणारा,
ग्योहान

सोम्यन बाजार, बुसान
३० ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप दादास,
बोनसुकचा दंडवत. हसून झालं असेल तर पुढे वाच.

तुझं पत्र वाचल्यावर सगळा उलगडा झाला. माणसं दारू पितानाही दुखवट्यातल्यासारखी पेल्याला पेला लावत नव्हती आणि मी म्हणत होते की बुसान सुधारलं. पण दादा, आत्या वारली असं मी एकदाही म्हटलं नाही. फक्त जिवंत आहे असंही म्हटलं नाही. पाटी उतरवली तर पुन्हा नऊ गिऱ्हाइकं, म्हणून आज काढू, उद्या काढू करत एकवीस तारीख उजाडली. सकाळी शिडी आणली, तर सहलीची बस तासभर आधीच दारात.

आत्या उतरली. रांगेत पुढे एक गृहस्थ पाटीकडे बघून मान लववत होते. त्यांच्या मागे उभं राहून आत्या म्हणाली की असं पाठीला पोक काढून नमस्कार करू नये, नीट कमरेतून वाका. ते वळले. छत्री हातातून पडली. पुढचं तुला कळलंच असेल. कुणी हसलं, कुणी चिडलं, शेवंतीवाल्याने फुलं परत मागितली. अर्धी रांग सरळ प्योबाईंकडे गेली.

आत्या मात्र पाटीकडे बघतच राहिली. मी पायांवर डोकं ठेवलं, तर म्हणाली की बाजूला हो, मला दिसत नाही. मग म्हणाली की झग्याच्या बंदाची गाठ वाकडी आहे, ट्रंकेतल्या एवढ्याशा फोटोत ती दिसली नव्हती, आणि तशा वाकड्या गाठीनिशी मी धूपामागे सगळ्यांसमोर बसले असते. मग माझा रस्सा चाखला आणि भरल्या दुकानात सांगितलं की हा माझ्या हातचा असता तर तुम्ही सगळे आत्ता समुद्रावर असता.

ती परत गेलीच नाही. नवी विजार घालून रोज दाराशी बसते आणि येईल त्याला तेच ऐकवते. पहिले चार दिवस पुन्हा नऊ गिऱ्हाइकं. पाचव्या दिवशी तिने रंगाऱ्याला बोलावलं, तो तिला बघून खुर्चीवर बसला, आणि तिने काळी किनार खोडून नवा मजकूर लिहून घेतला: 'आजी जिवंत आहे. रस्सा तिने केलेला नाही.' काल रांग वळणापर्यंत होती. गल्लीतली ही एकच पाटी खरी, असं लोक म्हणतात.

कुलूप मी भंगारात दिलं. आत्याचे लोकरीचे मोजे पाठव. माया आहेच, ती पार्सलात घाल.

तुझी, बोनसुक

सोम्यन
३ नोव्हेंबर

चि. ग्योहान यास आत्याचा आशीर्वाद.

मोजे मिळाले. एकाला भोक आहे, ते तुझ्या लक्षात येणार नाहीच.

काल नवा फोटो काढला. गाठ मी स्वतः बांधली. प्रत तुझ्याकडेच ठेव, बोनसुककडे देऊ नकोस.

समोरच्या प्योबाईंचा रस्सा जास्त चांगला आहे. मी दुपारी मागच्या दाराने जाऊन तिकडे जेवते. हे पोरीला सांगायचं नाही. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी मात्र पंगतीला बोनसुकचाच वाढा. तेव्हा मला खायचा नसेल.

नामगुंग पुन्न्यो