मागचं दार

प्रिय धाकटे,

सोमवारी तुमच्या शिवणकारखान्यात एचआयव्हीच्या तपासणीची गाडी येणार आहे. तू त्या रांगेत उभी राहू नकोस. आधी कारण वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

ही तपासणी कशी करायची ते ठरवणाऱ्या समितीत मी कामगारांची प्रतिनिधी आहे, हे तुला ठाऊकच आहे. लोकसहभाग म्हणतात त्याला. म्हणजे लग्न ठरलं, पत्रिका वाटून झाल्या, की मग नवरीला विचारायचं, बाई, मुलगा पसंत आहे ना? आम्ही बैठकीला गेलो तेव्हा ‘पुढचं दार’, ‘मागचं दार’ अशा पाट्या रंगवून भिंतीला टेकवलेल्या होत्या. निकाल चांगला, तर माणूस लगेच पुढच्या दाराने बाहेर. नसेल, तर आत बसवून समजावणार आणि मागच्या दाराने सोडणार. समितीचे साहेब म्हणाले, यात गुप्तता आहे. समितीत इस्त्रीवाल्या मावशी आहेत, कित्येक वर्षं हा आजार घेऊन कामावर जातात. त्या म्हणाल्या, अहो साहेब, आत गेलेली बाई पुढून आली नाही, तर बाहेरच्या बायका काय डोळे मिटून बसणार आहेत? सगळ्यांना सारखाच वेळ बसवा, एकाच दाराने सोडा. साहेबांनी सूचना मौलिक ठरवली. मी म्हटलं, मौलिक म्हणजे केराच्या टोपलीतली ना? सगळे हसले, साहेब सगळ्यांत मोठ्याने. तिथेच मला भीती वाटली.

मागच्या आठवड्यात गाडी आमच्या कारखान्यात आली. काजाच्या मशीनवरची पोरगी आत गेली ती पुढून आलीच नाही. खिडकीला चिकटलेल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या दोन्ही बाजूंचा बाक रिकामा. दुसऱ्या दिवशी तिच्या पेल्याला कुणीतरी लाल दोरा बांधून ठेवला. आता त्या मशीनवर दुसरीच बसते. ती पोरगी कुठे गेली विचारलं, की सगळ्या खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागतात. साहेबांना फोन केला तर म्हणाले, एकही तक्रार नाही, उपक्रम यशस्वी. सोमवारी तीच गाडी, तीच दारं.

तपासणी टाळ असं मी म्हणत नाही. उलट करच, आणि लवकर कर. शनिवारी माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात चल. मावशी तिथूनच गोळ्या घेतात आणि तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. मीही करून घेईन. दोघी जितका वेळ लागेल तितका आत बसू.

पत्र पोस्टात न टाकता तुझ्या नवऱ्याच्या हाती दिलंय. काल तो माझ्याकडे आला होता. एरवी मला तोंडाळ म्हटल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नाही. काल एकदाही थट्टा केली नाही. पेला तसाच हातात धरून बसला होता. आत्ता तुझ्यासमोर असेल, खाली बघत. जे सांगायचं ते त्याच्याच तोंडून निघायला हवं, म्हणून मी लिहीत नाही. ओरडू नकोस, भिंतींना शेजारी आहेत. खिडकी लावून घे, हा कागद बाजूला ठेव आणि त्याला विचार.

तुझीच, शनिवारी सकाळी तुझ्या दारात हजर असणारी,
ताई