पालथा पाव

१४ सप्टेंबर १९३६

बारा ऑक्टोबरला, पिलारमाईच्या जत्रेला, आपण सारागोसात असू, असं आमच्या तुकडीचा म्होरक्या माकारिओ म्हणतो. मागच्या आठवड्यात म्हणत होता, येत्या रविवारी. त्याच्या आधी म्हणत होता, परवा! हवा स्वच्छ असली की इथून पिलारच्या देवळाचे मनोरे दिसतात, एवढं जवळ आहे शहर. सकाळी गाढवावर बसले तर दिवे लागायच्या आत पोचेन. पण मध्ये ती टेकडी आहे, टेकडीवर ते बंडखोर आहेत आणि अलीकडे खंदकात आम्ही, सरकारच्या बाजूची स्वयंसेवक तुकडी. दोन्हीकडचे दिवसभर उन्हात पडून उवा मारतात. याला म्हणे युद्ध म्हणायचं.

मी मात्र शहर हातात आल्याशिवाय हलणार नाही. ब्लास तिथे आहे. वसंतात सक्तीची लष्करी नोकरी करायला म्हणून छावणीत गेला, जुलैत सेनापतींनी बंड केलं आणि माझं पोरगं बसल्या जागी बंडखोर झालं. त्याला कुणी विचारलंच नाही. मी छावणीच्या दारात उभी राहणार आणि कान धरून त्याला घरी आणणार. म्हणून तर तुकडीची स्वयंपाकीण झाले! हे इथे कुणाला ठाऊक नाही. ज्याचं कुणी तिकडे असतं त्याला आमचेच लोक मागे पाठवून देतात, वर डोळा ठेवतात.

१६ सप्टेंबर

तुकडीच्या समितीचे नवे नियम. आता लहानमोठं कुणी नाही, सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. मला काय, मी आधीपासूनच करते. दुसरं — ‘देवा’ म्हणायचं नाही. माकारिओ हे वाचून दाखवत असताना माझा हात कढईला लागला आणि तोंडातून निघालं, “अगं पिलारमाई!” तो म्हणाला, देवीही नाही. मी म्हटलं, बरं, मग भाजल्यावर कुणाचं नाव घ्यायचं ते समितीनं ठरवून कळवावं. वीटभट्टीवरचा माणूस, मनानं भला. हसू दाबत गेला.

१९ सप्टेंबर

आज माझ्या शिक्क्यावर सभा भरली! खरंच. गावात भट्टी सगळ्यांची एक, म्हणून पावांची सरमिसळ होऊ नये यासाठी प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असतो. भट्टीत घालायच्या आधी पावाच्या तोंडावर दाबायचा. आमच्या घरचा कोंबडीच्या पायाचा, सासऱ्यांनी कोरलेला. मी तो बरोबर आणलाय आणि सवयीनं दाबते. तर एकानं तक्रार केली — ही खाजगी मालकीची खूण! पाव सगळ्यांचा, मग त्यावर एका घराचा शिक्का का?

बराच वेळ भाषणं. दोघांनी तर उभं राहून टेबलावर मुठी आपटल्या. माझी डाळ करपली. शेवटी हात वर करून ठरलं ते असं : पाव सगळ्यांचा आहे, म्हणजे शिक्काही सगळ्यांचा, तेव्हा यापुढे प्रत्येक पावावर तो दाबलाच पाहिजे. आता समितीचा माणूस मोजायला येतो, एखाद्यावर राहून गेला तर मला टोकतो!

२३ सप्टेंबर

हसून हसून पोट दुखतंय. नार्सिस म्हणून एक न्हावी आहे, बार्सिलोनाचा, चाळिशीचा, बोलायला लागला की थांबत नाही. खंदकामागच्या खोलीत माकारिओची दाढी करताना यानं साबण ठेवायला जागा हवी म्हणून टेबलावरचा पाव उचलला आणि बाजूला ठेवला — पालथा, तोंड खाली!

आम्ही इथल्या आरागोन प्रांताची माणसं होतो तितकी सगळी उठलो आणि बाहेर जाऊन वाऱ्यात उभी राहिलो. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पाय आपले उठले. पालथा पाव म्हणजे छप्पर कोसळणार, घरातल्यांनी आधी बाहेर पडायचं. आमच्या सासऱ्यांनी एकदा असंच सगळ्यांना अंगणात काढलं होतं आणि मागे तुळई पडली होती. तुळई सडलेली होती ही गोष्ट वेगळी. ब्लास लहानपणी मुद्दाम पाव पालथा घालायचा, आम्हाला अंगणात पळवायला. मार खायचा, पुन्हा घालायचा.

नार्सिस वस्तरा हातात धरून रिकाम्या खोलीकडे बघत राहिला. माकारिओही बाहेर आला होता, गालाला फेस, एक बाजू केलेली, एक तशीच. म्हणाला, मी अंधश्रद्धा मानत नाही, मी हवा बघायला आलोय. मग मी आत जाऊन पाव सुलटा केला, त्याचा मुका घेतला, तेव्हा सगळे आत आले. नार्सिसला नीट शिकवलं — पाव नेहमी तोंड वर करून ठेवायचा. का ते विचारू नको.

२६ सप्टेंबर

टेकडीवरच्यांकडे तंबाखू आहे, पण विडी वळायला कागद नाही. आमच्याकडे कागद आहे, तंबाखू नाही. तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी दुपारी काठीला पांढरा रुमाल बांधून नार्सिस मधल्या कोरड्या ओढ्यात उतरतो, तिकडून त्यांचा एक बुटका येतो. बदामाच्या झाडाखाली रुमाल पसरतात, अदलाबदल करतात, दोन गप्पा मारतात आणि परत येऊन एकमेकांवर बंदूक रोखून बसतात. दोन्हीकडच्या वरच्यांना माहीत आहे. तेही ओढतातच की.

परवा नार्सिसनं बरोबर माझा एक पावही दिला, त्यांच्याकडे म्हणे दगडासारखा मिळतो. आज निरोप आला. नार्सिस हसत सांगत होता, “काकू, टेकडीवरचा कुणीतरी तुझ्यावर टीका करतोय. म्हणाला, पाव झकास, पण भाजणारी मिठाला भिते.”

माझ्या हातातली परात पडली. आई मिठाला भिते — हे जगात एकच माणूस म्हणतो, दात आल्यापासून म्हणतो. शिक्का ओळखला त्यानं! शहरात नाही, छावणीत नाही. समोर आहे. दगड फेकला तर लागेल असा समोर.

नार्सिसला म्हटलं, परात ओली होती.

२८ सप्टेंबर

मीठ दुप्पट घातलं. सगळे पाणी पीत सुटलेत. खुशाल प्या.

१ ऑक्टोबर

उत्तर आलं! “आता जमलं. आणि विचार, तांबडी व्याली का?”

नार्सिसला वाटतं तांबडी म्हणजे कुणी बाई आहे आणि दोन्ही तुकड्यांत काहीतरी भानगड चालू आहे. डोळे मिचकावतो मेला. तांबडी आमची शेळी. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांग, जुळं झालं, दोन्ही हट्टी, बापावर गेलीत.

ब्लास जिवंत आहे, खातोय, शेळीची चौकशी करतोय. दिवसभर मी गाणी म्हणत होते, एक देवीचंही म्हटलं. माकारिओनं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

४ ऑक्टोबर

जोराचा वारा. पिठात वाळू, डोळ्यांत वाळू. तरी मजेत आहे.

७ ऑक्टोबर

दोन तोफा मिळणार आहेत. बाराला, जत्रेच्या दिवशी, ते सगळे प्रार्थनेला गुडघे टेकतील तेव्हा तोफा डागायच्या, मग टेकडीवर चढायचं. टेकडी पडली की रस्ता मोकळा, थेट शहराच्या वेशीपर्यंत. माकारिओच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याचं घर आहे तिथे.

आमच्यात हुकूम नसतो, हात वर होतात. सगळे वर गेले. मी इतके दिवस यांना बायकी म्हणून चिडवत होते, कधी निघणार, कधी निघणार म्हणून डोकं खात होते. माझाच हात खाली राहिला. माकारिओ म्हणाला, “तुला काय झालं? तूच तर घाई करत होतीस.” मी म्हटलं, खांदा भरून आलाय.

९ ऑक्टोबर

तोफगोळ्याला कुठलं पोरगं कुणाचं हे कळत नाही. दुसरं काही सुचत नाही. डाळ दोनदा करपली, कुणी बोललं नाही. माझा चेहराच तसा असावा.

११ ऑक्टोबर, दुपार

पीठ मळायचं सोडून लिहायला बसलेय.

काल रात्रभर एकच विचार. सकाळी एक पाव वेगळा केला आणि शिक्का वर नाही, खाली दाबला, बुडाला. वरून कोरा. ब्लासच्या हातात पडला की तो खूण शोधणार, पाव उलटणार, खूण वर आली की पाव पालथा! त्याला लगेच कळेल. बाहेर पड. कसाही कर, पोट धरून लोळ, पाय मोड, पण उद्या त्या टेकडीवर राहू नको.

तो सांगणार नाही इतरांना? सांगेल. सोबत्यांना सोडून पळणारा नाही तो. मग ते उद्या प्रार्थनेला बसणार नाहीत, बंदुका रोखून आमची वाट बघतील. हे मला सकाळीच कळलं होतं. तरी शिक्का खालीच दाबला.

नार्सिस पाव न्यायला आला. आल्या आल्या वस्तऱ्यांची पेटी माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, “उद्या मी पहिल्या रांगेत आहे, काकू. काही झालंच तर ही माझ्या मुलीकडे पोचव. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.” आणि लगेच कुणाच्या तरी टकलावर विनोद करायला लागला.

पाव त्याच्या हातात होता. मी म्हटलं, थांब, तो करपलाय. काढून घेतला. दुसरा दिला. शिक्का वर असलेला.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

नार्सिस परत आला तो चिडूनच. आज बुटका आला नाही, दुसराच होता. कोवळा, उंच, कान हे एवढे बाहेर. मागे थोड्या अंतरावर त्यांचा सार्जंट उभा, त्यामुळे एक शब्द बोलला नाही. तंबाखू दिली, कागद घेतले, पाव घेतला, मोडला आणि अर्धा परत रुमालावर ठेवला.

“आणि कसा ठेवला माहीत आहे? पालथा! तू शिकवलंस ना, म्हणून मी सुलटा केला. त्यानं पुन्हा पालथा केला. मी पुन्हा सुलटा. तर त्यानं पालथा घालून माझं मनगटच धरलं, सोडेना. काय माणूस आहे! जाताना दोनदा मागे वळून बघत होता.”

अर्धा पाव त्यानं माझ्या हातात दिला. कोंबडीच्या पायाचं दीड बोट त्यावर.

मी परातीवर पळी आपटून सगळ्यांना गोळा केलं आणि सांगून टाकलं. तो माझा मुलगा आहे. मीठ, शेळी, सगळं. आणि तो सांगतोय की इथून बाहेर पडा, आजच. खंदक सोडा, मागच्या घळीत चला. बार्सिलोनाचे हसले. एका पावासाठी आघाडी सोडायची? एकानं विचारलं, बाईचा मुलगा तिकडे, मग हा डाव कशावरून नाही? मी म्हटलं, मत घ्या.

आरागोनच्यांचे हात वर गेले, एकेक करत सगळे. नार्सिस आपल्या मनगटाकडे बघत होता, मग त्याचाही गेला. माकारिओ म्हणाला, “मी अंधश्रद्धा मानत नाही,” आणि हात वर केला. बहुमत झालं. नातलगांचं काय ते नंतर बघू, म्हणाला, आधी पांघरुणं उचला.

पीठ उचलतोय. शिक्का पोत्यात घातलाय.

१२ ऑक्टोबर

पहाटे त्यांच्या तोफा सुरू झाल्या. खंदक राहिला नाही, भट्टी राहिली नाही. आत कुणीच नव्हतं. नार्सिस आहे, माकारिओ आहे, सगळे आहेत. मला मिठ्या मारतायत, पोरानं वाचवलं म्हणतायत. आमच्या दोन तोफा तेवढ्यात येऊन पोचल्या. टेकडीवर चढायचं का, म्हणून माकारिओनं विचारलं. कुणाचाही हात वर गेला नाही. उद्या पुन्हा विचारणार आहे.

तुझ्याकडे काल पाव सुलटा गेला, ब्लास.