टाकीतलं लाल शिंग

तोर्रे देल ग्रेको
रविवार, सकाळ

प्रिय बाबा,

तू बरा असशील. आम्ही सगळे बरे आहोत. आई बरी आहे, आजोबा बरे आहेत, मीही बरी आहे. (ही ओळ आईने सांगितली म्हणून लिहिली. ती स्वयंपाकघरात तुझ्यासाठी तराल्लीच्या कडबोळ्यांचा डबा भरतेय आणि सारखी डोकावून "एवढं काय लिहितेस ग?" विचारतेय.) आनिएलोकाका बुधवारी जेनोव्याला तुमच्या बोटीवर चढणार आहे. त्याच्या हाती हे पत्र आणि डबा पाठवतोय. डबा अर्धा रिकामा पोचला तर समजून जा.

फोनवर मला धड बोलता येत नाही. तुझा आवाज खरखरतो, आई शेजारी उभी असते, आणि मी नुसतं "हो, ठीक, ठीक" करते. म्हणून पत्र. पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये. प्रवाळांपासून करते.

शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी मी आणि लुआनाने टाकीत प्रवाळं वाढवायला घेतली. लुआना म्हणजे त्या प्लंबरची मुलगी, ज्याने आपल्या न्हाणीघराचा नळ दुरुस्त केला आणि मग तो आणखी गळायला लागला. एका मोठ्या प्रवाळाचे नखाएवढे तुकडे चकत्यांवर चिकटवायचे, खारट पाण्यात ठेवायचे, वर दिवा लावायचा, आणि ते हळूहळू वाढतात. शनिवार-रविवार शाळेतली वीज बंद करतात. दिवा आणि पंप थांबला की प्रवाळं मेलीच. म्हणून इम्पारातो बाईंना विचारून आम्ही टाकी आजोबांच्या कामाच्या खोलीत आणली, त्यांच्या कोरायच्या टेबलाला लागून.

आजोबांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "हे प्रवाळ? अगं, ही तर फुलकोबी! पोवळं कसं लाल हवं, कडक हवं. माझा जन्म गेला पोवळं कोरण्यात, मला शिकवता?"

लुआना म्हणाली, "आजोबा, ह्याचे दागिने नाही करायचे. आम्हाला गुण मिळणार आहेत."

"गुण गळ्यात घालता येतात का?"

पण नंतर तेच खुर्ची ओढून टाकीसमोर बसायला लागले. लुआनाची मावशी बघायला आली आणि "काय सुंदर ग!" म्हणाली, तर तिच्या पाठीमागे ह्यांनी बोटांची शिंगं करून दृष्ट काढली. आम्ही इतकं हसलो! गुलाबी तुकडे छान फुगले होते, हिरव्यांना नवीन तोंडं फुटली होती. मी तर मनात प्रदर्शनाचा फलकसुद्धा रंगवून टाकला होता.

आणि मग सगळी पांढरी पडायला लागली. रोज एक. आम्ही पाणी बदललं, दिवा खाली घेतला, वर घेतला, काही उपयोग नाही. शेवटी बाईंनी पाणी तपासलं आणि वर्गात सांगितलं, "पाण्यात तांबं आहे. तांब्याने प्रवाळ मरतं."

अख्खा वर्ग लुआनाकडे वळला. टाकीत पाणी भरायची बादली तिच्या घरची ना! मागून कोणीतरी ओरडलं, "बापाने तांब्याचा पाइप उकळून दिला असेल!" लुआना कानापर्यंत लाल झाली. "बाई, बादली प्लास्टिकची आहे," एवढंच म्हणाली. पण बाईंचं ठरलं होतं. निष्काळजीपणा. डिसेंबरातल्या इम्माकोलाताच्या सणाआधी शाळेत प्रदर्शन आहे, तिथे फलकावर लुआनाचं नाव नसणार, गुणही नाहीत. मीही तिच्याकडे जरा संशयानेच बघितलं, बाबा. खरं सांगते.

घरी येऊन मी टाकी उपसली. मागच्या दगडाखाली, वाळूत, तुझं शिंग होतं.

तुझं म्हणजे तुझंच. तुला दृष्ट लागू नये म्हणून आजोबांनी तुझ्या बारशाला लाल पोवळ्यातून कोरलेलं, इंजिनच्या खोलीत गळ्यात काही घालायला मनाई म्हणून तू खिळ्याला अडकवून गेलास ते. त्याची सोन्याची कडी तुटल्यावर आजोबांनी तांब्याची तार गुंडाळली होती. ती तार हिरवीगार झालेली.

मी ते खिशात टाकलं आणि कोणालाच बोलले नाही. लुआनालाही नाही. ती दुसऱ्या दिवशी येऊन उरलेले तुकडे वाचवायला धडपडत होती आणि मी तिच्या शेजारी खिशात हात घालून उभी. मी अशी का वागले? मला नाही माहीत. म्हणजे, माहीत आहे. कोणी टाकलं, का टाकलं, असं विचारणार सगळे. मग ते सांगावं लागणार, जे तुला सांगायचं नाही असं आईने बजावलंय.

बाबा, तू फोन करतोस तेव्हा आजोबा नेहमी अंघोळीला गेलेले असतात. नाहीतर न्हाव्याकडे. तुला कधी नवल नाही वाटलं? ह्या वयात एवढ्या अंघोळी?

ते कॉफीचं भांडं पाण्याशिवाय चढवतात. बंदरावर जाऊन बसतात, तुला घ्यायला. मला आसुंता म्हणतात. आधी मला वाटलं, नावं उलटसुलट होतात म्हाताऱ्या माणसांची. पण ते मला आत्या समजूनच बोलतात. आई म्हणते, तुला कळलं तर तू अर्ध्यातच बोट सोडशील आणि बढती जाईल. तिचंही खरं आहे. मग मी बरोबर की चूक?

मला वाटलं होतं, प्रवाळांना दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी शिंग टाकलं असणार. काल विचारलंच.

"हे टाकीत कोणी टाकलं, आजोबा?"

"मी."

"का पण?"

"असं काय करतेस, आसुंता? तुझा भाऊ समुद्रावर गेला आणि हे विसरला, गाढव कुठला. आता समुद्र तुम्ही घरातच आणलाय, मग बंदरापर्यंत पाय कशाला ओढू? म्हटलं, इथूनच पाठवावं." मग हळूच जवळ येऊन विचारलं, "पोचलं का ग त्याला?"

मी "हो" म्हणाले. मग कामाच्या खोलीचं दार लावून खूप रडले. हो म्हणायला नको होतं का? आणि उद्या शाळेत काय करू? आजोबांचं नाव सांगितलं तर अख्खं गाव म्हणेल, म्हातारा खुळावला. नाही सांगितलं तर लुआना फुकट मरते. तुला विचारते आहे खरी, पण तुझं उत्तर येईपर्यंत प्रदर्शन होऊन जाईल.

सोमवार, शाळेतून आल्यावर

सांगून टाकलं. वर्गात, सगळ्यांसमोर. शिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, लुआनाने काही केलेलं नाही, माझ्या आजोबांना हल्ली आठवत नाही, त्यांनी हे माझ्या बाबांसाठी टाकलं. वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. बाईंनी लुआनाची माफी मागितली, फलकावर नाव परत आलं.

लुआना मात्र बाहेर माझ्या अंगावर आली. "माहीत होतं तुला? आणि मला बादल्या घासू दिल्यास?" ती तरातरा निघाली, मग कोपऱ्यावरून मागे आली आणि म्हणाली, "त्यांना डॉक्टरकडे तरी नेलंय का?" बाबा, हे आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

आईला दुपारपर्यंत भाजीवाल्याकडूनच कळलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिने हे पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि खुर्चीत बसली. मग माझंच पेन घेतलं. वर पहिल्या परिच्छेदात "आजोबा बरे आहेत" ह्यावर काट दिसेल, ती आईने मारलीये. गुरुवारी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेतोय.

तू परत ये की नको येऊ, हे मला सांगता येत नाही. रोज सकाळी वाटतं ये, आणि संध्याकाळी वाटतं, बढती होऊ दे. तुझं तू ठरव. एक हिरवा तुकडा जगलाय असं लुआना म्हणते. मला तो मेलेलाच दिसतो.

शिंग पाकिटात आहे. तार काढून टाकली, दोऱ्यात ओवलंय. गळ्यात नको घालूस, खिशात ठेव. आणि मिळाल्या मिळाल्या फोन कर. ह्या वेळी आजोबा अंघोळीला गेलेले नसतील, मी त्यांना फोनपाशी बसवेन. त्यांनी उचलला की आधी तुझं नाव सांग. बापाला कसलं नाव सांगायचं म्हणून लाजू नकोस. नाव सांग आणि मग म्हण, "पोचलं."

ते रोज विचारतात रे.

तुझी मुलगी, आणि आजोबांपुरती तुझी बहीण,
मेना