ही दुकानात नेमकं काय करते?

४ मार्च
आजपासून रोजनिशी. माणसाने आपलं म्हणणं कुठेतरी लिहून ठेवावं, नाहीतर लोक काहीही बोलतात.

काल दुकानात कर खात्याचा साहेब तपासणीला आला. पडद्यांचं एवढंसं दुकान आपलं. मास्तर शिवतात, मी मालक, आणि बायकोचं नाव पगारपत्रकावर. ते सल्लागाराने अकरा वर्षांपूर्वी सुचवलं होतं: बायकोला पगार द्या, कर कमी बसेल. साहेबाने विचारलं, मिसेस दुकानात नेमकं काय करतात? ही समोरच पडद्याच्या कड्या मोजत होती. मी हसत हसत म्हटलं, छे हो, ती कुठे काय करते, बसते आपली टाइमपास म्हणून. सगळं मीच बघतो. साहेबही हसला. लिहून घेतलं त्याने.

एकंदरीत छाप चांगली पडली.

५ मार्च
ही सकाळी बॅग भरून बहिणीकडे गेली. चार दिवसांत येईल. मास्तर मशीन जरा जास्तच जोरात चालवतायत.

१९ मार्च
नोटीस. सल्लागाराने वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. नियम असा आहे म्हणे: बायकोचा पगार धंद्याच्या खर्चात धरायचा, तर तिने खरोखर काम केलेलं असलं पाहिजे. आणि तुम्ही तर साहेबाला स्वतःच्या तोंडाने सांगून बसलात, ती काही करत नाही! मी म्हटलं, अहो पण करते ना ती काम! तो म्हणाला, मग तसं लिहून द्या. काय काय करते ते, पुराव्यासकट, आणि खाली तिची सही. महिन्याची मुदत.

डाव्या हातचा मळ आहे. दोन ओळी तर लिहायच्या. शिवाय सहीला बोलावलं की ही येईलच. नोटिशीचा असाही फायदा.

२२ मार्च
दोन ओळी लिहिल्या. ‘दुकानात बसणे. फोन घेणे.’ बरं दिसेना. मग ‘किरकोळ मदत’ लिहून पाहिलं. सल्लागार म्हणाला, किरकोळ मदतीला एवढा पगार कोण देतं हो?

उद्या निवांत बसून लिहिणार.

२९ मार्च
सवड झाली नाही. एका गिऱ्हाईकाकडे मापं घ्यायला गेलो होतो. उंचीच्या जागी रुंदी लिहून आणली. मास्तरांनी मुकाट्याने तसंच शिवलं. आठ पडदे. चालायचंच. हिच्या हातून असं एकदाही झालं नाही, पण तिला सवय होती.

यादीत घातलं: मापं घेणे.

२ एप्रिल
पुरावा म्हणून हिच्या वह्या काढल्या. एकवीस निघाल्या! प्रत्येक घराच्या खिडक्यांची मापं आणि पुढे बारीक अक्षरात टिपणं. ‘आजोबा दुपारी झोपतात, अस्तर जाड.’ ‘सुनेला पिवळा हवा, सासूला नको. बदामी सुचवणे.’ कापडवाल्याशी घासाघीस हिचीच. मास्तरांच्या डोळे तपासणीच्या तारखाही हिच्याच वहीत. तिमाहीचं रिटर्नसुद्धा. ते मी भरतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मी फक्त सही करायचो.

दीड पान झालं.

६ एप्रिल, दुपार
मास्तरांना सहज विचारलं, अजून काय करायची हो ही? मास्तरांनी मशीन थांबवलं. म्हणाले, मालक, तुम्ही तडकून गिऱ्हाईक घालवायचात, ते वहिनी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आणायच्या. आठवड्याला एखादं तरी. मी म्हटलं, मग मला कसं कळलं नाही? ते म्हणाले, तुम्हाला कळू नये म्हणूनच मागच्या दाराने जायच्या.

जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.

११ एप्रिल
चार पानं झाली. हिला फोन केला. परवा येते म्हणाली. अर्धी लढाई जिंकली!

ठराव: आल्या आल्या ‘चल, पुरे झालं आता’ असं म्हणायचं नाही. सबुरीने घ्यायचं. घरी चादरी बदलल्या. तिच्या कपाटात मी माझी खोकी कोंबली होती, ती काढली. कपाट रिकामं बरं दिसत नाही, पण दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

१३ एप्रिल
आली. बॅग नव्हती. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. चारही पानं वाचली, एकेक ओळ. एका जागी अकरा वर्षं खोडून चौदा केलं. पहिली तीन वर्षं नाव नव्हतं, काम होतं, म्हणाली. मग सही केली. मी म्हटलं, बघ, काही सोडलं नाही. ती म्हणाली, खरंच चांगलं लिहिलंय. मग विचारलं, नोटीस आली नसती तर लिहिलं असतंत का?

मी म्हटलं, अर्थात!

चहा नको म्हणाली आणि गेली. विचार करायला वेळ हवा असेल. देऊ या.

१७ मे
वेळ देतो आहे.

३० जून
निकाल आला. आपल्या बाजूने. सल्लागाराने पेढ्यासारखा तोंडासमोर धरला. पत्नी दुकानात पूर्णवेळ आणि महत्त्वाचं काम करत असल्याचं कर खात्याला मान्य आहे. पगार खरा धरला.

लगेच हिला फोन लावला. म्हटलं, बघ, आता तर सरकारनेही मान्य केलं. म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, पगारपत्रकावरून माझं नाव काढा, मी एक जूनपासून दुसऱ्या दुकानात लागले आहे, दोन्हीकडे नाव दिसलं तर तुम्हालाच त्रास होईल. आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे, ठेवते.

त्या चार पानांत एक गोष्ट नव्हती. ही नसली की मला दुकानात करमत नाही, आणि घरी तर मुळीच नाही. कर खात्याला ते लागत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज फोनवर म्हणणार होतो. तोवर तिने ठेवला होता.

आपण केस जिंकलो.