तेरा तारखेची नोंद

४ मार्च
आज रुजू झाले! मनोरुग्णालयाच्या संशोधन कक्षात खिडकीजवळचे टेबल मिळाले. काम असे: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (टोकाच्या भावना, आपले माणूस सोडून जाईल ही सततची भीती) असलेल्या रुग्णांच्या आयुष्यातील ताणाच्या घटना तक्त्यात तारीखवार मांडायच्या. मृत्यू, ताटातूट, नोकरी सुटणे. शेवटचा रकाना सर्वांत रोचक: घटना बाहेरून आली, की स्वतःकडून घडली? ताण विकाराला चिथावतो, आणि विकार नवा ताण ओढवून आणतो; या चक्राचे टोक शोधायचे, केवढे सुंदर शास्त्र! प्रथेप्रमाणे नव्या माणसाने आधी स्वतःचा तक्ता भरायचा असतो. ताई म्हणाली, बाई गं, तुला पुरवणी लागणार! आई गेल्यापासून आम्ही दोघीच. तीच माझे घर.

७ मार्च
माझ्या आठ घटना लिहून झाल्या. खाली नववी कुठून आली? ‘९ मार्च : मैत्रिणीशी कायमचे तुटले.’ अक्षर माझेच. आज तर सात तारीख. घाईत चूक झाली असणार. खोडली.

१० मार्च
काल मैत्रिणीने फोन उशिरा उचलला, आणि मी तिला वाटेल ते बोलले. ती म्हणाली, तुला माणूस एक तर देव लागतो नाहीतर राक्षस. मला दोन्ही झेपत नाही. फोन ठेवला तो ठेवलाच. तक्त्यातली ओळ पुन्हा स्वच्छ दिसते. रकान्यात: ‘स्वतःकडून’.

११ मार्च
कक्षप्रमुखांना तक्ता दाखवला. ते मायेने म्हणाले, पुढच्या तारखा आपण भरत नाही हो. सोमवारी डॉक्टरांना भेटू, मी येतो सोबत. टेबलापाशी परतले तर नवी ओळ. ‘१३ मार्च : ताई सोडून गेली.’

१२ मार्च
पद्धतशीर विचार हवा. घटना माझ्याकडून घडते. म्हणून मी काहीच करायचे नाही. बोलायचेही नाही. ताईने तीनदा विचारले, माझं काही चुकलं का गं? मी गप्प. तिचे डोळे भरले. गप्प राहणे हेही करणेच की —

१३ मार्च, सकाळ
ताई तिच्या खोलीत बॅग भरते आहे. म्हणाली, ऑफिसचं काम, परवा येते, वेडाबाई. परवा — सगळे असेच म्हणतात — बाहेरून कुलूप घातले. आधी ती हसली. आता —

दुपार
दार वाजवून दमली. रडली. मी सांगितले, आजचा दिवस गेला की उघडते, फक्त आजचा — ती म्हणाली, मग मी सज्ज्यावरून शेजारी जाते.

चौथा मजला. खिडकी सरकली — ताई, नको, उघडते — किल्ली कुठे — ताई, बोल ना, हाक दे, ता