दोन विटांची जागा

आई, दूध तापवून ओट्यावर उतरवून ठेवलंय. ते कोमट होईपर्यंत तुझ्याशी बोलावं म्हणून कागद घेऊन बसले. पातेल्याशेजारी स्टीलची एक छोटी डबी आहे, परवा मुदखेडहून आणलेली. तिच्यात काय आहे ते पुढं सांगते. नांदेडला दुपार उतरणीला लागलीय, खाली ऑटोवाले एकमेकांना हाका मारताहेत, आणि पातेल्याच्या काठावरून उडालेला उन्हाचा एक ठिपका भिंतीवर हलतोय. त्याच्याकडं बघता बघता मला आपल्या मुदखेडच्या परसातलं ऊन दिसायला लागतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी तू नुसती पलीकडच्या खोलीत गेल्यासारखी वाटतेस. हाक मारली तर "आले गं" म्हणशील असं.

आपलं परस आणि शेजारच्या मावशींचं परस यांच्यामधली भिंत मला अजून पाठ आहे. बाईमाणसाच्या डोक्याला लागेल एवढी उंच, आणि धुण्याच्या दगडाजवळ दोन विटा निखळून पडलेल्या. मी नुकती शाळेत जायला लागले होते तेव्हा अण्णांचं आणि पलीकडच्या काकांचं न्हाणीच्या पाण्यावरून वाजलं. आपल्या न्हाणीचं पाणी भिंतीखालून त्यांच्या अंगणात जायचं, एवढंच कारण. पण दोघंही शिकलेसवरलेले, त्यामुळं भांडण साधं राहिलं नाही, तत्त्वाचं झालं. बोलणं बंद, येणंजाणं बंद, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं अण्णांचं फर्मान निघालं. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत शिकवायला गेले, आणि त्या दोन विटांच्या जागेतून हिरव्या बांगड्यांचा एक हात वाटी घेऊन आत आला. तो हात मला आत्ताही दिसतोय. तू वाटी घेतेस, तिच्यात विरजणापुरतं चमचाभर दही टाकतेस, पदरानं काठ पुसतेस, हात परत जातो. मी विचारते, अण्णा नको म्हणाले होते ना? तू म्हणतेस, "इरजनाला न्हाई म्हनत नसत्यात बाई. वैऱ्यानं मागितलं तरी द्यावं लागतंय." ही आपल्या गल्लीची रीत होती. ती कुणी घातली ठाऊक नाही, पण अण्णांच्या फर्मानापेक्षा जुनी होती एवढं मला कळलं.

मावशी धर्माबादकडच्या. दह्याला तेलुगूत पेरुगु म्हणायच्या आणि हसायच्या. त्यांचं हसणं भिंतीतून येतंय असंच मला वाटायचं, कारण तोंड कधी दिसायचंच नाही. मी धुण्याच्या दगडाच्या सावलीत पेंगत पडलेली असे आणि तुमचं बोलणं माझ्यावरून वाहत जाई. कुणाचं पोर खोकतंय, कुणाच्या सासूनं काय म्हटलं, आणि मध्येच, "तुमच्याकडं काय म्हनून राहिले?" "कोर्टात जातो म्हनून राहिले." "आमचे बी." मग दोघींची कुजबुज. पुढचं मी झोपेत ऐकलं की जागेपणी, सांगता यायचं नाही. पण दोन-चार दिवसांनी जेवताना तू अण्णांना म्हणालीस, "तुमीच मागं म्हनला व्हता न्हवं, नाली रस्त्याच्या अंगानं काढू म्हनून?" अण्णा असं कधीही म्हणाले नव्हते. हातातला घास थांबवून त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हाव, म्हणलो तर होतो." पलीकडं मावशींनी काकांच्या गळ्यात हेच वाक्य बांधलं असणार, कारण काकाही त्याच आठवड्यात त्या कल्पनेचे मालक झाले.

त्या दिवसांत संध्याकाळी अण्णांची बैठक भरायची. रेडिओच्या बातम्या, मग जगाचा कारभार. कोणत्या देशानं कुणावर रणगाडे घातले, कुणी कुणाशी तह केला. न्हाणीच्या पाण्याचं भांडण ज्यांना मिटवता येईना ते समुद्रापलीकडची युद्धं मिटवायचे. मी तुझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसले की तू चिडायचीस. "हितं काय करून राहिली? भाकरीला मी हाय. जा, तिकडं बैस. ते काय बोलून राहिले ते ऐक." एकदा मी रडले, तुझ्या पाठीला चिकटून बसले, तर तू मला हाताला धरून बैठकीच्या दारात नेऊन बसवलंस. बायका तुला म्हणायच्या, पोरीला चुलीपाशी बसू देत न्हाईस, लई डोक्यावर चढवून ठेवलीस. तू ऐकलं नाहीस. मला वाटायचं, तुला मी जवळ नको आहे. ते तू मला दिलेलं सगळ्यात मोठं देणं होतं, हे कळलं तेव्हा तू नव्हतीस. फार जवळची वाटतेस गं तू, आता.

तहाच्या दिवशीही मी तिथंच होते, म्हणून मला सगळं माहीत आहे. अण्णा, काका आणि गल्लीतले एक म्हातारे मास्तर. नाली वळवायची यावर पाच मिनिटांत एकमत झालं. होणारच, ते तुम्ही दोघींनी आधीच रांधून ठेवलं होतं. मग मास्तर म्हणाले, आता पुन्हा कटकट नको, ते भगदाड बुजवा आणि भिंत दीड पुरुष उंच करा. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस, आणि ट्रे हातात धरूनच म्हणालीस, "तेवढी दोन विटांची जागा ऱ्हाऊ द्या की." अण्णा तुझ्याकडं न बघता म्हणाले, "चहा ठेव आन् जा आत. हे आमचं चाललंय." काका हसले. तू चहा ठेवलास, आत गेलीस. गवंडी येऊन गेला. भांडण मिटलं म्हणून दोन्ही घरांत शिरा झाला. मग काय, रस्त्यानं जायला आता मोकळीक होती. पण रस्त्यानं जायचं म्हणजे लुगडं बदला, सासूला विचारा, ओट्यावर बसलेल्या पुरुषांपुढून जा. तू वर्षातून एकदा हळदीकुंकवाला जायचीस. बाकी दुपारी परसात एकटीच धुणं आपटायचीस. तू तेव्हा एकदाच बोललीस, "त्यांचं जुळलं, आमचं तुटलं."

मी आता कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. राज्यं, सैन्यं, सीमा, तह. अण्णांची बैठकच म्हण, फक्त पगारी. त्यात एक प्रकरण बायकांच्या नजरेतून जगाकडं बघण्याचं आहे, आणि ते घाईघाईत उरकण्याची आमच्याकडं रीत आहे. मी उरकत नाही. सांगते की, देश म्हणजे एकच एक माणूस असल्यासारखं आपण बोलतो, भारत म्हणाला, अमुक चिडला. त्या घराच्या आत कोण राबतं, कोण गप्प बसवलं जातं ते बघत नाही. या वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, तहाला बायका नव्हत्या म्हणून काय बिघडलं? युद्ध तर थांबलं ना?" मी त्याला आपल्या भिंतीची गोष्ट सांगितली. कुणाची ते सांगितलं नाही, 'दोन शेजारी' म्हणाले. वर्ग हसला. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या दोघींचं पुढं काय झालं?" तुझं माहीत होतं. मावशींचं मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात लातूरहून आपल्या धाकट्याचा फोन आला. ती भिंत पावसानं कलंडून पडलीय, मुदखेडचं घर भाड्यानं द्यायचंय, तर रविवारी मावशींच्या मुलाबरोबर बसून नवी भिंत ठरवून टाकू. "तू बी ये. चहापाण्याचं तरी बघशील." मी गेले. चहा केला नाही, खुर्ची ओढून बसले. ते दोघं उंचीचं बोलायला लागले तेव्हा मी म्हटलं, आधी मावशींना बोलवा. मुलगा म्हणाला, "आईला काय विचारायचं त्यात? तिला ऐकू बी कमी येतं." म्हटलं, मग मोठ्यानं विचारू. एवढी वर्षं भाषणं देते, पण त्या खोलीत तोंड उघडताना मी दारातली पोर झाले होते.

मावशी आल्या. किती लहान झाल्यात. खाली बसायला लागल्या, मी खुर्ची पुढं केली, तर तिच्या अगदी काठावर टेकल्या. मी ओरडून विचारलं, "मावशी, भिंत कशी पाहिजे?" त्यांनी आधी मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बांधा की. शेळ्या येत्यात माज्या मेथीत." मग म्हणाल्या, "पन ती दोन विटांची जागा ठेवा." मुलगा म्हणाला, "पलीकडं आता कोण हाय आई? भाड्यानं देऊन राहिले ते." मावशी म्हणाल्या, "भाड्यानं येईल ती बी बाईच न्हवं?" धाकट्यानं मान हलवली. ती जागा राहणार आहे. दोन विटांची, धुण्याच्या दगडाजवळ, जिथं होती तिथंच.

निघताना त्यांनी ही डबी माझ्या हातात दिली. "तुज्या आईचं इरजन हाय. गवंडी यायच्या आदल्या दिवशी दिली व्हती वाटी. संपू दिलं न्हाई मी, रोज त्याच्यातलंच लावत आले." गाडीत मी ती डबी दोन्ही हातांत धरून बसले होते आणि शेतं मागं जात होती आणि मला वाटत होतं, तुझाच हात धरून आणतेय. रडले. समोरच्या बाईनं पाणी दिलं.

हे कुठं पाठवणार? तुझ्याकडं टपाल जात नाही. एक तेवढं सांगते आणि थांबते, आई. तू मला चुलीपाशी बसू दिलं नाहीस, नंतर पाकिटातलं दही मिळायला लागलं, आणि मी जन्मात कधी दही लावलेलं नाही. तू दुधात करंगळी बुडवून बघायचीस, एवढं आठवतं. मीही आत्ता बुडवलीय. हे कोमट आहे की गार झालं, मला कळत नाहीये.