तिची ओळख मी दिली

आप्पा, मी आता नागापूरला राहते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. आलेला माल तपासून सही करते. भाड्याच्या दोन खोल्या आहेत. आई गावी दादाकडे असते, तिचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत म्हणून ती इकडे फारशी येत नाही. हे सगळं सांगायचं कारण असं की तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते आणि आपण चौघं पारनेरला, कचेरीसमोरच्या दुकानामागच्या खोलीत राहत होतो. त्यापुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. आज रविवार, कारखाना बंद. या हिवाळ्यात माझ्याकडे जे घडलं ते कुणाला तरी नीट सांगावं असं वाटत होतं, आणि नीट ऐकणारे म्हणून तुम्हीच आठवलात.

माझी शाळा दुकानातच सुरू झाली. शाळेत नाव घालायच्या आधी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, ती पाटीवर नाही तर पँटच्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर, मापं आखायच्या चपट्या खडूनं. मी मशीनच्या पायाशी बसलेली आहे, तुमचा पाय पायडलवर चालतो आहे आणि मधूनच वरून आवाज येतो, "दाखव." मी कापड वर करते. अक्षर वाकडं असलं की तुम्ही तळहातानं पुसून टाकता. "परत." रागावत नाही, कौतुकही करत नाही. गिऱ्हाइकाच्या कापडावर एक रेघसुद्धा ओढायची नाही हा नियम होता. उरलेले तुकडेही तुम्ही आधी विचारून मगच ठेवून घ्यायचात. मी पहिलीत गेले तेव्हा त्याच तुकड्यांचं दप्तर शिवलंत, अर्धं राखाडी, अर्धं तपकिरी, आत अस्तर आणि बाहेर कुणाच्या तरी सफारीचा खिसा. वर्गातल्या पोरी हसल्या आणि मी रडत घरी आले. तुम्ही दातानं दोरा तोडलात आणि म्हणालात, "त्यांच्या दप्तराला हाय का असला खिसा? न्हाई ना? मंग हसू दे त्यांना."

दुकान कचेरीसमोर असल्यामुळे तुम्हाला आणखी एक काम लागलेलं असायचं. जमिनीचा दस्त नोंदवायचा तर माणसाची ओळख पटवणारे साक्षीदार लागतात, आणि ते ऐन वेळी कुणाकडेच नसायचे. "आप्पा, दोन मिनिटं चला की ओळखीला," असं म्हणत माणसं पायरीवर उभी राहायची. तुम्ही गळ्यातली टेप काढून मशीनच्या चाकावर टाकायचात आणि निघायचात. पण सगळ्यांसाठी नाही. ज्याच्या घरी तुम्ही कधी गेला नाहीत, ज्याच्या घरचं पाणी प्यालेलं नाही, त्याच्यासाठी तुम्ही उठत नसायचात.

त्यातला एक दिवस मला लख्ख आठवतो. मी तिसरीत असेन. सुट्टी होती आणि मी शर्टांना बटणं लावत बसले होते. पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला, ओळखीला चला म्हणाला.

"तुमची माझी वळख न्हाई, पाव्हणं."

"आवो, दोनदा कापडं शिवून नेली की तुमच्याकडनं!"

मला वाटलं तुम्ही विसरलात. मी मध्येच म्हणाले, "व्हय आप्पा, हे येत्यात आपल्याकडं."

तो माणूस खूश झाला. "बघा! पोरगी वळखती आन् बाप न्हाई वळखत!"

तुम्ही तरी उठला नाहीत. तो जाताना पायरीवरून बोलून गेला, "मशीन मारून पोट भरनारा मानूस, आन् तोरा तर मामलेदाराचा!" तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलंत. "नाव काय त्याचं?" मला ठाऊक नव्हतं. "गाव?" नव्हतं. "आई हाय का गेली?" मी मान खाली घातली. "तोंड ठावं असनं म्हंजी वळख न्हाई, बाय. उद्या त्या कागदावरनं कुनाचं तरी शेत जाईल, आन् त्यात तुझा शब्द असंल." मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही फक्त दोऱ्याचं रीळ बदललंत आणि शिवायला लागलात. आई म्हणते माझा स्वभाव त्या दिवसापासून असा झाला. सही करायच्या आधी मी कागद पुन्हा पुन्हा वाचते, आणि वाचून झाल्यावरही माल पुन्हा एकदा मोजते. कारखान्यात मला मागून 'डबल चेक' म्हणतात. म्हणू देत.

आता मैत्रिणीचं सांगते. ती इथिओपियाची. इथून राहुरीच्या बसनं विद्यापीठात जाते, ज्वारीवर संशोधन करते. हॉस्टेलची मुदत संपल्यावर तिनं आमच्याच रस्त्यावर एक खोली घेतली होती. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते पिठाच्या गिरणीत. मी दळण न्यायला गेले तर ती गिरणीवाल्या मामांशी हातवारे करून भांडत होती.

"ताई, तुमीच सांगा हिला," मामा मला म्हणाले. "जवारी मैद्यावानी बारीक दळा म्हनती. असल्या पिठाची भाकर थापता यील का?"

तिनं इंग्रजीत मला सांगितलं की तिला थापायचंच नाही, आंबवून तव्यावर ओतायचं आहे. दोन दिवसांनी ती ते करून माझ्या दारात घेऊन आली. आपल्या आंबोळीसारखं, पण ताटाएवढं मोठं, जाळीदार आणि आंबट. मी तिला थापायची भाकरी शिकवली. तिच्या भाकरीला अजूनही कडेला चिरा पडतात. दिवाळीच्या आधी तिच्या घरमालकांनी खोली रिकामी करायला सांगितली आणि ती तिची पेटी, तवा आणि ज्वारीच्या कणसांचं पोतं घेऊन माझ्याकडे राहायला आली. परदेशी माणूस घरी राहायला आला की पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून मी त्याच दिवशी त्यांच्या साइटवर माहिती भरली. माझी घरमालकीण म्हणाली, "तूच भर बाई. मला त्या मोबाईलातलं काय बी कळत न्हाई."

तिचा व्हिसा जानेवारीअखेर संपणार होता आणि प्रबंध अजून लिहून व्हायचा होता. मुदत वाढली नाही तर पदवीशिवाय परत जायचं. तिकडे तिच्यासाठी एक सरकारी नोकरी राखून ठेवलेली आहे, ती पदवीवर अवलंबून. घरी दम्यानं आजारी असलेली आई त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेली. अर्ज ऑनलाइन भरायचा होता. आम्ही जेवणं उरकून लॅपटॉप घेऊन बसलो आणि आडनावाच्या रकान्यातच अडलो, कारण त्यांच्याकडे आडनाव नसतं. आपलं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. म्हणजे तिच्या नावात बाप मधोमध, माझ्याही. आम्ही दोघी जरा वेळ त्यावरच बोलत बसलो. तिचेही वडील नाहीत.

खरी अडचण पुढे होती. हॉस्टेल सोडल्यापासून कुठे कुठे राहिलात, ते विचारलं होतं, आणि सध्या जिच्याकडे राहते तिची, म्हणजे माझी, त्याखाली सही लागणार होती. आधीच्या घरमालकांनी तिची माहिती पोलिसांना कधीच कळवली नव्हती. म्हणजे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ती कागदोपत्री कुठेच नव्हती. कारखान्यातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, हॉस्टेल सोडल्यापासून तुझ्याकडेच आहे असं लिही. एकाच रस्त्यावरची तर घरं. कोण मोजायला येतंय?" मैत्रीणही तेच म्हणाली, "तोच रस्ता, तीच गिरणी." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तू म्हणशील ते." हे फार वाईट झालं. मी खोटं लिहिलं असतं तर ते माझ्या सहीखाली राहिलं असतं. खरं लिहिलं आणि मुदत नाकारली, तर घरी ती जाणार होती, मी नाही. माझ्या खरेपणाचे चटके दुसऱ्याला बसणार असतील तर तो कसला खरेपणा, याचं उत्तर तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतं. मला जेवण जाईना. ती बिचारी घाबरली की भांडी घासायला घेते, त्या दिवसांत आमच्या घरातली घासलेली भांडीही पुन्हा घासली गेली.

शेवटी मी आधीच्या घरमालकांकडे गेले. त्यांना न सांगता त्यांचं नाव लिहिणं मला जमलं नसतं.

"काका, ती तुमच्याकडे राहत होती हे मी अर्जात लिहिणार आहे."

"लिही की! आन् माझ्या दारात पोलीस आले की च्या तूच पाज त्यांना." त्यांनी पेपर खाली ठेवला. "पोरीची अडचन होती म्हनून मानुसकीनं खोली दिली. त्याचं हे फळ व्हय?"

"तुम्ही कळवलं असतं तर..."

"मला काय ठावं कळवायचं असतं ते! मी काय इमानतळावर नोकरीला हाय?"

आतून काकू म्हणाल्या, "राहिली व्हती ते खरंच हाय ना? मंग वरडताय कशाला?" काकांनी पेपर पुन्हा उचलला. मी निघाले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घरी येऊन मी होतं तसं लिहिलं.

मग नगरला, पोलिसांच्या ज्या शाखेत परदेशी लोकांच्या नोंदी होतात तिथून आम्हा दोघींना बोलावणं आलं. टेबलामागे एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हे मधलं कशाला लिहून बसलात? लिहिलं नसतं तर कुनाला कळलं असतं?"

"विचारलंय ना तिथे."

"मी कुठं विचारलं? कॉम्प्युटर विचारतोय." मग ते तिच्याकडे वळले. "काय बाई, मराठी येती का?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. "भाकरी येते."

"आन् भाकरी गोल येती का?"

"नाही."

"मंग तुझं आन् आमच्या सूनबाईचं जमंल." ते स्वतःच हसले आणि आम्हाला आतल्या साहेबांकडे घेऊन गेले. साहेब म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. मधल्या महिन्यांची नोंद का नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं, खुलासा लिहून मागितला, घरमालकांनाही बोलावून घेणार म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून मला म्हणाल्या, "तुम्ही यांना किती ओळखता?"

आप्पा, मला खुर्चीत बसल्या बसल्या आपलं दुकान दिसलं. मी सांगायला लागले आणि मला थांबता येईना. तिचं गाव डोंगरावर आहे. वडील शाळेत शिकवायचे, ती लहान असतानाच गेले. आई आहे. बुधवारी आणि शुक्रवारी ती दूधसुद्धा घेत नाही, उपास असतो. कणसं मोजताना ती स्वतःच्या भाषेत मोजते आणि चुकलं की मराठीत "अरे देवा" म्हणते. पगाराच्या आधी माझे हाल असतात म्हणून तेव्हा भाजी तीच आणते आणि स्वस्त मिळाली असं सांगते.

साहेबबाईंनी हात वर केला. "पुरे, पुरे. लग्न नाही जमवायचंय आपल्याला." पण त्यांनी शेरा लिहिला. किती मुदत हवी ते विद्यापीठातल्या गाईडच्या पत्रात स्पष्ट लिहून आणा म्हणाल्या, म्हणजे त्या पुढे पाठवतील. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं की तू आत एवढा वेळ काय बोलत होतीस. मला इंग्रजीत काही ते सांगता आलं नाही.

शुक्रवारी मंजुरी आली. ती खुर्चीवरून उठली आणि परत बसली, मग आईला फोन लावला आणि मोठमोठ्यानं बोलत राहिली. मी दारात उभी राहून ऐकत होते, एक शब्दही न कळता. काकांना शाखेत जाऊन उशिराची नोंद करावी लागली. समज देऊन सोडलं, पण परवा गिरणीत भेटले तर त्यांनी तोंड फिरवलं. तेही आता माझ्या माथी आहे. मी नमस्कार करत राहणार आहे.

एक सांगायचं राहिलं. ते सांगायचं नाही असं मघापासून दोनदा ठरवलं. आम्ही पत्रासाठी गाईडसरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "तीन महिने पुरतील ना?" ती हो म्हणायला तोंड उघडत होती. तिच्या आधी मीच म्हणाले, "सर, सहा लिहा. बाहेरचे परीक्षक असतात, तोंडी परीक्षा असते, सगळ्याला उशीरच होतो." त्यांनी सहा लिहिले. बसमध्ये ती हसून म्हणाली की तू फार घाबरट आहेस, आणि मी ते तसंच राहू दिलं.

तुम्ही असता तर मशीन न थांबवता विचारलं असतंत, "सहा कशापायी?" हे पत्र धाडायला पत्ता नाही, त्याचं आज मला जरा बरंच वाटतंय. परीक्षकांना उशीर होतो की नाही हे मला माहीत नाही, आप्पा. तिचं लिखाण होळीपर्यंत संपतं आहे हे मात्र माहीत होतं. संध्याकाळी मी कामावरून येते, चपला काढत असते, आणि आतून कुणीतरी मराठीत विचारतं, "आलीस का?" सहा मी त्यासाठी म्हणाले.